अप्पारावांनी जोडलेली वायर

रेशमाचे कोष सुकवायच्या विजेच्या भट्टीचा पॅनल जोडून हवा असला, की नवीन जालन्यात लोक अप्पारावांचे घर दाखवत. माणूस अबोल. स्क्रू आवळला की वायर हलकेच ओढून बघणार. सुटली नाही तरच पुढची. लेक संध्या आयटीआय करून आली, तिलाही त्यांनी आधी हेच शिकवले.

पण गेल्या वर्षी आजारातून उठल्यापासून त्यांचा उजवा हात कापे. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे.

एका सकाळी कोषांचा व्यापारी कडूबा जळका पॅनल घेऊन दारात उभा राहिला. हीटर चालू-बंद करणारा रिले काळा पडला होता.

"जयभीम, अप्पाराव. बघा तुमची करणी! रिलेची वायर ढिली होती, जळाली. कंट्रोलर नुसता आकडे दाखवून राह्यला अन् भट्टी थंडगार. दुरुस्तीला माणूस मिळेस्तोवर पाखरं कोष फोडून बाहेर आली. फुटक्या कोषाचा धागा निघतो का?"

अप्पाराव चष्मा पुसत राहिले. तो पॅनल त्यांनी एकट्याने जोडला होता. संध्या तेव्हा आष्टीला मावशीकडे होती.

"काका, तो मी जोडल्ता," संध्या आतून येत म्हणाली. "बाबांनी हातबी न्हाई लावला."

"तरीच! मंग पोरी, तू आपली घरचा मिक्सर दुरुस्त कर. अप्पाराव, दुसरा रिले तुम्हीच जोडा. हिला बिलकुल जवळ येऊ देऊ नका. बाजारातबी सांगून ठेवतो मी सगळ्यांला."

खरे सांगायला अप्पारावांनी तोंड उघडले. कडूबाची मोटारसायकल गल्लीबाहेर गेली, तसे ते मिटून जळका पॅनल आत घेऊन गेले.

दुपारी ते नवा रिले घेऊन बसले. वायरचे टोक भोकाशी नेले की निसटे. संध्या दाराशी उभी होती. बोलावल्याशिवाय जवळ आली नाही. शेवटी मान वर न करता त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे धरला.

तिने काम उरकले. "कडूबाकाकांना काय सांगू?"

"मीच जोडला म्हणून सांग," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

अजूनही कामे त्यांच्याच नावाने येतात. जोडते संध्या. दाराशी कुणाची चाहूल लागली, की हातातले काम त्यांच्यापुढे सरकवून ती चहा ठेवायला आत जाते.