साडेपाच तास

ही गोष्ट मी साठ वर्षांहून अधिक काळ टाळली. कुणी देवळे सरांचा विषय काढला की मी उठून पाणी प्यायला जात असे. आता मी नव्वदीत आहे. बुऱ्हाणपुरात सरांना ओळखणारे फारसे उरले नाहीत. उरलं आहे ते एवढंच, की भूगोलाच्या मास्तरला विमानाची वेळ काढता आली नाही. ते खोटं आहे.

सर स्वतः कधी विमानात बसले नव्हते. पण मुलगा अनंत लंडनला शिकायला गेला आणि ते पृथ्वीगोलावर दोरा ताणून वर्गाकडून लंडन-मुंबई अंतर मोजून घेऊ लागले. अनंतने पाठवलेलं विमानांचं छापील वेळापत्रक त्यांच्या टेबलावर असे. "दोरा सगळीकडे एकच. घड्याळ मात्र हर गावचं वेगळं," ते म्हणत. नवा मध्य प्रदेश झाला, कचेऱ्या नागपूरहून भोपाळला गेल्या, आम्ही शिक्षक बदल्यांच्या धास्तीत. सर म्हणाले, "राजधानी हलली भाऊ, तापी तर इथंच आहे ना?"

मी त्यांचा विद्यार्थी, नंतर त्याच शाळेत शिक्षक. त्या वैशाखात सरांच्या पत्नीचं, आमच्या काकूंचं, दुखणं वाढलं. अनंतची तार आली, निघतो आहे म्हणून; विमानही कळवलं होतं. तो मुंबईत उतरायचा त्याच दिवशी सकाळी काकू गेल्या. "अनंता येईस्तोवर नेऊ नका मला," एवढंच त्यांनी मागितलं होतं.

बहादरपूरहून काकूंचे थोरले भाऊ आले होते. ते म्हणाले, "एक रात्र बर्फावर काढू. दोन नाही निघायच्या या उन्हात. पोरगा पोचतो कधी, ते सांगा."

सरांनी वेळापत्रक माझ्या हातात दिलं. "मला अक्षरं दिसत नाहीत रे. तू बघ."

मुंबईत उतरण्याची वेळ दुपारी तीन होती. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, हे सरांनीच शिकवलेलं. ते साडेपाच तास मी तिनात मिळवले. साडेआठ! तोवर आपल्याकडची रात्रीची गाडी सुटलेली. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "परवा सकाळशिवाय नाही."

संध्याकाळी तापीवर सरांनीच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला. अनंत. छापलेली वेळ मुंबईचीच होती. तिच्यात काही मिळवायचं नव्हतं.

"आई कुठंय?" तो आत जाऊन रिकामी खाट बघून आला. "बाबा, तार मिळाली नव्हती का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"मिळाली," ते म्हणाले. "हिशेब माझा चुकला."

"तुमचा? विमानाचा?" अनंत पायरीवर मटकन बसला. मी चौकटीला धरून उभा राहिलो.

दिवस झाल्यावर अनंत परतला आणि त्याची पत्रं थांबली. शाळेत पोरं मागच्या बाकावरून ओरडत, "सर का जहाज लेट है!" सर खडू झटकत म्हणत, "जहाज वेळेवर होतं रे. मास्तर लेट." मी शेजारच्या वर्गात शिकवत असे. मधली भिंत पातळ होती.

निवृत्तीनंतर ते इंदूरला पुतणीकडे निघाले. स्टेशनावर त्यांची वळकटी मीच चढवली. वाक्य चार दिवस घोकलं होतं. गाडी हलली, आणि मी खिडकीशी चालत म्हणालो, "सर, खंडव्याला गाडी बदलायची आहे, विसरू नका."

त्यांनी मान हलवली. वर्षभरात ते इंदूरलाच वारले.

मला म्हणायचं होतं, सर, ते साडेपाच तास माझे होते. मला माफ करा. अनंतला मी कळवतो.