मागच्या पायऱ्यांचं घर

मुनाहला बहिणीकडे जायला कधी कागद लागलाच नव्हता. ती परकरी पोर होती तेव्हाच थोरल्या सपियाला नदीपलीकडच्या देशात, गोलोक गावी दिलं. तेव्हा अलीकडच्या, त्यांच्या रांताउ पांजांगहून रेल्वे होती. आईच्या मांडीवर बसायचं, लोखंडी पूल खडखडत ओलांडायचा, की आलीच ताई! मग गाडी बंद पडली, रुळांत गवत माजलं. पण होडी होती ना! पुढची चाळीस वर्षं होडीने काढली. पाण्यातूनच "काक!" अशी ताईला हाक मारली की सपिया स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवर हजर, हात खोबऱ्याने माखलेले.

मग सरकारने होड्यांचे धक्के बंद केले, अलीकडच्या काठाने काटेरी तार आली. त्याला आता तीन वर्षं झाली. सपियाचे गुडघे गेले आणि मुनाहचा हट्ट काही जाईना.

"मोक, पास काढू या ना," सून हसनाह रोज सासूच्या मागे लागायची.

"सख्ख्या बहिणीकडे जायला साहेबाला विचारू?"

"मग बसा फोनला मिठी मारून!"

एकदा फोनवर सपिया म्हणाली, "मुनाह, तुझा चेहरा आठवायचा तर आता डोळे मिटावे लागतात गं."

दुसऱ्या दिवशी मुनाह कचेरीत फोटोला बसलेली!

पास आला. घरच्या बुडूची, आंबवलेल्या मासळीच्या रसाची, बाटली पदराखाली धरून ती मोटारींच्या पुलावरून चालत पलीकडे गेली, शिक्का घेतला, मोटारसायकलवाल्याच्या मागे बसली. गल्लीत शिरल्यावर त्याने या मावशीला विचारलं, "मोकचिक, घर कुठलं?"

"ज्याच्या पायऱ्या पाण्यात उतरतात ते."

"इथे सगळ्यांच्याच उतरतात!"

"वाकडा माड आहे बघ."

"तो मागे असेल. पुढून सांगा ना. दाराचा रंग कुठला?"

रंग? मुनाह इकडेतिकडे बघू लागली. गाडीने यायची तेव्हा लहान होती, काही आठवेना; आणि होडीने यायला लागल्यापासून बहिणीचं पुढचं दार तिने कधी बघितलंच नव्हतं! गल्लीभर सारखीच पत्र्याची फाटकं. इतकं जवळ येऊन आता परत फिरायचं?

ती उतरली. दोन घरांमधल्या बोळातून, कोंबड्या हुसकत, तडक नदीवर गेली. चिखलातून काठाकाठाने निघाली. वाकडा माड दिसला. पायऱ्यांवर सपिया पाठमोरी बसली होती. केवढीशी झाली होती ती!

"काक!"

सपिया दचकली, भिंत धरून उठायला गेली आणि आधी पाण्याकडेच बघत राहिली.