चक्कीवरचा फळा

पांढुर्ण्यात आमची पिठाची चक्की होती, सावरगावच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चक्की हे चालवायचे आणि मी तराजूजवळ बसायची. दळण मोजायचं, डब्यावर खडूनं खूण करायची, पीठ झालं की ज्याचं त्याला द्यायचं. ह्या कामात फार बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडायचं. चक्की चालू असली की तसंही कोणाचं कोणाला ऐकू येत नसे. पट्ट्याचा आवाज एकसारखा चालायचा, पायाखालची जमीन थरथरायची, आणि टिनाच्या छपराला जिथे खिळ्यांची भोकं होती तिथून उन्हाच्या बारीक काड्या आत उतरायच्या. त्या काड्यांत पीठ तरंगायचं. खाली यायची त्याला घाई नसायची. मला वाटायचं, आपण नदीच्या तळाशी बसलो आहोत, वरून माणसं वाकून डबे सोडतात आणि निघून जातात.

फळा लागला तो लाईटमुळे. दुपारी लाईट गेली की पट्टा रेंगाळत रेंगाळत थांबायचा आणि एवढी शांतता व्हायची की कान बधिर झाल्यासारखे वाटायचे. मग जो येईल तो विचारायचा, लाईट कधी येईल? ह्यांनी एक जुनी फळी काळ्या रंगानं रंगवली, दाराशेजारी बाहेरच्या भिंतीवर ठोकली आणि खडू माझ्या हातात दिला.

"चौथी शिकली ना तू? मंग लिहून ठेवत जाय, लाईट नाही म्हणून. माह्यं तोंड दुखून राहिलं सांगू सांगू."

सौंसरच्या शाळेत माझं अक्षर चांगलं होतं. शाळा सुटली, अक्षर तेवढं राहिलं होतं. बरीच वर्षं त्याला काही काम नव्हतं.

त्या दिवसांत पलीकडच्या गल्लीतली एक नवी नवरी दळण आणायची. पीठ हातात पडलं की ती डब्याचं झाकण दाबून बसवायची आणि लगबगीनं घरी जायची. दुसऱ्या दिवशी तिची सासू यायची. पिठात गोळे झाले, वास येऊन राहिला, तुम्ही ओलं पीठ देता म्हणून ओरडायची. गरम पीठ झाकलं की आत वाफ धरते आणि पीठ ओलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण सासूच्या तोंडावर ते सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. एका दुपारी ती नवरी आपला भरलेला डबा उचलत होती, तेवढ्यात लाईट गेली. मी फळ्यावर "लाईट नाही" लिहिलं, आणि खडू खाली ठेवायच्या आधी हातानं आपोआप पुढे लिहिलं, "गरम पीठ झाकू नये. त्याला घाम येतो."

सावरगावची एक म्हातारी मावशी पूल ओलांडून आमच्याकडे ज्वारी आणायची. तिला वाचता येत नव्हतं. मी बोलत नाही म्हणून ती मला मुकी म्हणायची, तोंडावर आणि प्रेमानं. लाईट नाही एवढं दोनच शब्दांत असतं हे तिला पाहून पाहून माहीत झालं होतं. त्या दिवशी अक्षरं जास्त दिसली तसं तिनं शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं.

"वाच वो. काय लिहून राहिली आमची मुकी?"

त्या बाईनं वाचून दाखवलं. मावशीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"पिठाले घाम येते? आन् आमाले काय येते मंग, अत्तर?"

सगळ्या हसल्या. ती नवरीपण हसली, आणि तिनं आपल्या डब्याचं झाकण काढून काखेत धरलं. मी मान खाली घातली. मला आतून कुठेतरी फार हलकं वाटत होतं, तरंगणाऱ्या पिठासारखं.

तिथून सवय लागली. दर बाजाराच्या दिवशी नवी ओळ. सुरुवातीला ओळी आपल्या पायांनी चालत आल्या. ज्वारी थोडी थोडी दळावी, पीठ जुनं झालं की त्यातली विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकर थापताना तुटते. हरभऱ्याच्या डाळीमागून आपले गहू टाकू नये. टाकी लावून दगड नव्यानं खरवडला असेल त्या दिवशी पहिलं दळण आमचं, तुमचं नाही, कारण पहिल्या पिठात कचकच येते. बाया डबा ठेवायच्या आधी फळा पाहायच्या. मावशी तर लांबूनच ओरडायची, "काय म्हनते वो मुकी आज?" दिवसभर जे बोलले नाही ते सगळं त्या एका ओळीत बोलून झालं असं मला वाटायचं. रात्री स्वयंपाक करताना परातीतल्या पिठावर बोटानं पुढची ओळ लिहून पाहायची आणि पाणी ओतून मळून टाकायची.

मग ओळी संपल्या.

कसं झालं ते कळलंच नाही. एका बाजाराच्या दिवशी सकाळी खडू घेऊन उभी राहिले तर डोक्यात फक्त पट्ट्याचा आवाज. माझ्याजवळ पिठाचं जेवढं होतं तेवढं मी सांगून टाकलं होतं. मी शाळेतलं आठवून लिहिलं, "नेहमी खरे बोलावे." कोणी थांबलंसुद्धा नाही. मावशीनं वाचून घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे तं शाळेतलं हाय. पिठाचं सांग न बाप्पा काही."

पुढच्या बाजाराला मी जुनीच ओळ ठेवली. त्याच्या पुढच्यालाही.

"कालचंच बोलून राहिली?" मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मुकीचा घसा बसला वाटते. हळदीचं दूध पाजा वो हिले कोणी."

ह्यांनी ते ऐकलं. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "कायले त्रास घेतं जिवाले? पेंटरले सांगतो मी. फळ्यावर ऑइल पेंटनं चक्कीचं नाव लिहून टाकीन, पक्कं. मंग रोज लिहाची कटकट नाही तुले."

ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते, म्हणून मला नाही म्हणता येईना. मी त्यांच्या ताटात भाजी वाढली. एकदा तेलाचा रंग बसला की खडू त्यावर उमटत नाही, एवढंच माझ्या मनात फिरत राहिलं. गावात बोलायची माझी एकच जागा होती, ती त्या फळीएवढी होती, आणि ती जाणार होती. आणि नको म्हणायलाही तोंड नव्हतं, कारण माझ्याजवळ लिहायलाच काही नव्हतं.

संक्रांतीला मी माहेरी सौंसरला गेले. जाताना फळा रिकामा नको म्हणून सगळ्यात पहिली ओळ पुन्हा लिहून गेले, गरम पिठाची, फक्त घामाचं गाळलं. माहेरी वडिलांची संत्र्याची थोडी झाडं होती. दुपारी मी झाडाखाली सतरंजी टाकून पडायची. फळं पिवळी होत होती. रामाकोन्याकडून येणारी छोटी रेल्वेगाडी शिट्टी द्यायची आणि ती शिट्टी झाडांत अडकत अडकत माझ्यापर्यंत यायची, तोवर तिची धार गेलेली असायची. डोळे मिटले की पापण्यांच्या आत काळा फळा दिसायचा. त्यावर पांढरी अक्षरं यायची, सुंदर, गोल, माझ्याच हातची. मी वाचायला जवळ गेले की ती पीठ होऊन उडायची. आईनं दोनदा विचारलं, तुला बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे. खरं म्हणजे मी ओळ शोधत होते, आणि सौंसरच्या त्या सोनेरी दुपारांत सगळं होतं, ओळ तेवढी नव्हती.

परत आले त्याच दिवशी स्टेशनवरचे तिकीटबाबू दळण घेऊन आले. ते इटारसीकडून नुकतेच बदलून आले होते, हिंदी बोलायचे. मफलर गळ्याला गुंडाळलेला, नाक लाल, खोकत होते. डबा ठेवला आणि फळ्याकडे बोट करून मला म्हणाले,

"भाभीजी, ये नुस्खा आपने लिखा है? हमको तो उल्टा पड़ गया."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी बाबूंकडे पाहिलं. "कोणता नुस्खा जी?"

"यही. गरम पीठ झाकू नये. मैंने अपने साथवाले से पूछा, झाकू नये माने क्या? बोला, ढकना नहीं. हमारी पीठ में दर्द रहता है. तो सिंकाई करके, गरम पीठ खुली रखके सो रहे हैं. इस ठंड में! हमारी श्रीमतीजी बोलीं, ये किस वैद्य ने बताया? मैंने कहा, चक्कीवाले ने."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मावशीच्या ध्यानात आलं. हिंदीत पीठ म्हणजे पाठ! ती खालीच बसली, पदर तोंडात कोंबून.

"अगं माय वो! बाबूची पाठ उघडी पाडली मुकीनं!"

बाया भिंतीला टेकून हसत होत्या. हे पोट धरून हसत होते. बाबूंना समजावून सांगितलं की इथे पीठ म्हणजे आटा, तेव्हा तेही हसले आणि हसता हसता खोकले. मी लाजेनं तराजूच्या मागे गेले. पण बाबू तिथेच उभे राहिले आणि अगदी मनापासून विचारू लागले,

"अच्छा, तो आटा क्यों नहीं ढकना?"

हे सांगायला गेले, तर मावशीनं त्यांना थांबवलं. "वाफ धरते." दुसरी म्हणाली, वाफ नाही, दगडाचा उष्मा असतो त्यात. तिसरी म्हणाली, उन्हाळ्यात झाकलं तर चालते, थंडीतच गोळे होतात, असं काहून? चौथीनं विचारलं, आन् बाजरीचं पीठ कडू काहून होते मंग? चक्की बंद होती, लाईट नव्हती, आणि त्या शांततेत एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरी सुरू करत होती. मी तराजूमागे बसून ऐकत होते. आजवर मी मला माहीत असलेलं लिहीत आले होते. ते संपणारच होतं. ह्या बायांना काय विचारायचं आहे ते मी कधी ऐकलंच नव्हतं, आणि ते तर रोज डब्यांबरोबर माझ्या पुढ्यात येत होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी लिहिलं, "बाजरीचं पीठ कडू का होते? ठाऊक असेल त्यानं सांगावं." सांगायला इतक्या जणी आल्या की ह्यांना दळण लावायला जागा मिळेना.

पण पेंटरला सांगून झालं होतं. माझ्या मनात रोज यायचं, आज ह्यांना म्हणू, राहू द्या फळा. शब्द ओठापर्यंत यायचे आणि तिथे बसून राहायचे. असं करता करता तो दिवस आला. पट्टा तुटला होता, हे नवा आणायला पहाटेच नागपूरला गेले, चक्की बंद. दाराची दोन्ही टिनाची पाखं ओढून मी बाहेर पायरीवर बसले होते. मावशी ज्वारी घेऊन आली, बंद पाहून पुटपुटली आणि दम खायला माझ्याजवळ टेकली. तेवढ्यात पेंटर आला, डबे मांडले, रंग कालवला, आणि ओलं फडकं घेऊन फळ्याजवळ गेला.

मी उठले. खाली पडलेला खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात "नको" लिहायला हात वर केला.

"अवो येडे!" मावशी मागून ओरडली. "तू लिहिशीन आन् तो पुसून टाकीन. त्याच्या हातात फडकं हाय! बोल न तोंडानं!"

पेंटर माझ्याकडे पाहत थांबला. फडक्यातून पाणी गळत होतं.

"फळा राहू द्या," मी म्हटलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला, जास्तच मोठा. "तिथे मी लिहिते."

"मंग नाव कुठं लिहू बाई? रंग तं कालवला मी."

मी इकडेतिकडे पाहिलं. समोर टिनाचं दार होतं, मोठं, सपाट, बंद. मी म्हटलं, "दारावर."

त्यानं दिवसभर लिहिलं. निळी अक्षरं, लाल कडा, दोन्ही पाखांवर मिळून चक्कीचं नाव, खाली एक गव्हाची ओंबी. हे संध्याकाळी पट्टा खांद्यावर टाकून आले आणि रस्त्यातच थांबले. खूष झाले. फळ्याचं विचारलं, तर मी सांगितलं, मी नको म्हटलं. त्यांनी पट्टा खाली ठेवला. "तू म्हटलं? पेंटरले?" एवढंच म्हणाले.

सकाळी त्यांनी पट्टा चढवला आणि चक्की उघडली. दोन्ही पाखं आत ढकलली. ती आतल्या भिंतीला जाऊन टेकली, आणि नाव, ओंबी, सगळं पाखांसोबत आत गेलं. हे रस्त्यावर जाऊन उभे राहिले. पुन्हा आत आले, पाखं ओढली, पुन्हा उघडली.

"अवो," ते म्हणाले, "चक्की बंद असली का नाव दिसते. चालू केली का गायब!"

मला त्या उघड्या दारात हसू फुटलं. ह्यांना रागवायचं होतं बहुतेक, पण मला अशी हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांना रागवायचं कसं ते आठवेना.

"हसून काय राहिली? लोकाईले समजन कसं कोणती चक्की हाय? आता बाहेर तो फळाच हाय फक्त. लिही काहीतरी."

मी खडू घेतला आणि लिहिलं, "नाव आत आहे. पाहायचं असेल तर दळण आणावं."

हे जवळ आले, वाचलं, परत एकदा ओठ हलवत वाचलं, आणि बटण दाबायला आत गेले.