आटे जुळणारी लेन्स

प्रल्हाद साळवे गेल्या महिन्यात साताऱ्यात हृदयविकाराने गेला. सकाळच्या पाळीला निघाला होता. कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचला नाही. सांगलीत आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत फोन आला तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या अंकाची पाने लागत होती... आतल्या पानावर जागा करून बातमी घेतली.

औद्योगिक वसाहतीत तो टर्नर होता. माझी त्याची ओळख ब्याण्णवच्या सुमाराची, सांगलीच्या शनिवारच्या बाजारातली. भंगारवाल्यापुढे उकिडवा बसून तो एक जुनी लेन्स उन्हाकडे धरून पाहत होता. "बुरशी हाय," म्हणाला आणि ठेवून दिली. पुढे त्याच्याबरोबर बरेच हिंडणे झाले. बंद पडलेले स्टुडिओ, भंगाराची दुकाने, निवृत्त फौजींची घरे यांत त्याचे रविवार जात. "काका, जुना कॅमेरा हाय का वो घरात?" असे विचारल्यावर एक सुभेदार म्हणाले होते, "कॅमेरा न्हाई, बंदूक हाय. दाखवू?" मिळेल ते तो विकत घेई, खोलून साफ करी, कपाटात ठेवी. लोक त्याला छंद म्हणत. शोध मात्र एकाच लेन्सचा होता.

त्याचे वडील लष्करात होते. नोकरीत घेतलेला त्यांचा कॅमेरा मेढ्याच्या घरी होता. सुट्टीवर आले की ते साऱ्या वस्तीचे फोटो काढत आणि बायकोला म्हणत, "तुझा मग काढतो." रोल दरवेळी दुसऱ्यांवरच संपे. ते वारले, आणि जावळीच्या दमट हवेत लेन्सची काच आतून पांढरी पडली. प्रल्हादला त्याच कॅमेऱ्याने आईचा फोटो काढायचा होता. दुसरा कॅमेरा पुढे केला की ताराबाई तोंडावर पदर घेत. "ह्यो न्हवं," म्हणत.

त्या कॅमेऱ्याचे आटे वेगळे. त्यांत बसेल अशी लेन्स साताऱ्यात मिळेना, सांगलीत मिळेना. शेवटी त्याने विट्याच्या आपल्या मित्राला, हणमंताला, सांगितले. हणमंताचे गलाईचे, म्हणजे सोने गाळून शुद्ध करण्याचे, दुकान मदुराईत. भावबंदांची दुकाने आणखी कुठे कुठे. निरोप त्या दुकानांतून फिरत राहिला... एका वर्षी यात्रेला येताना हणमंताने लेन्स आणली. लखलखीत.

"लय काळं चढलं हुतं, तेजाबानं काढलं. बघ गड्या, पितळ कसं निघालंय, सोन्यावानी!"

"आरं, आनि आकडं?"

"कसलं आकडं?"

"अंतराचं आकडं हुतं रं त्येच्यावर!"

"ती घाण व्हय?"

प्रल्हाद डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. काच स्वच्छ होती आणि आटे जुळले. शटर उघडे ठेवून, फिल्मच्या जागी बटर पेपर लावून, किती फिरवले की कितीवरचे स्पष्ट दिसते ते त्याने पाहिले आणि पितळेवर स्वतःच्या खुणा कोरल्या.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघे मेढ्याला गेलो. ताराबाईंनी कॅमेरा ओळखला. अंगणात मांडलेल्या खुर्चीवर बसल्या आणि लगेच उठल्या.

"काय झालं, आये?"

"काढनारं गेलं. आता तू काढून काय उपेग? आन हिकडं."

"तुला न्हाई जमायचं."

"समदी वस्ती बघितली त्यांनी ह्यातनं. काय दिसत हुतं, बघू तर दे."

त्याने अंतर लावून कॅमेरा आईच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीवर जाऊन बसला. ताराबाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला. बराच वेळ डोळा काढला नाही...

"आये, दाब की!"

"गप. हलू नगंस."

मग त्यांनी बटण दाबले.

गेल्या आठवड्यात त्याच्या कपाटातले सगळे फोटो आणि निगेटिव्ह पाहिल्या. ताराबाईंचा फोटो त्यांत नाही. प्रल्हादचा एकच आहे. थोडा तिरका, पण स्पष्ट. तो सोबत छापला आहे.

छायाचित्र : ताराबाई साळवे, मेढा.