भिंगाखालची पट्टी

दातांच्या दवाखान्यात किस्से फार साठतात, कारण तोंड उघडून बसलेल्या पेशंटला ते सांगता येत नाहीत. सगळे आमच्याच पदरात पडतात.

छप्पन साली राजधानी भोपाळला गेली त्या सुमारास मी आमच्या गावातल्या फ्रीगंज भागात डॉक्टर अप्पांकडे असिस्टंट म्हणून लागलो. वाकडे दात सरळ करायचे तर तेव्हा प्रत्येक दाताभोवती स्टीलची पट्टी सिमेंटनं बसवायची आणि पट्ट्यांमधून तार ओवायची. पट्टी जरा तिरकी बसली की दातही तिरका सरकणार. म्हणून अप्पांनी देवास गेटच्या घड्याळजीकडून डोळ्यात धरायचं भिंग आणलं होतं.

*

भिंगाची कीर्ती गावभर झाली. एक शेठ तर बंद घड्याळच घेऊन आले. अप्पांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. शेठ घरी गेले तेव्हा घड्याळ बंदच होतं, पण एक दाढ कमी झाली होती.

*

रेल्वेतले एक गार्ड होते. भिंगामागचा अप्पांचा भला मोठा डोळा जवळ आला की ते तोंड मिटून घ्यायचे.

शेवटी म्हणाले, "डॉक्टरसाब, काम आप करो, देखने का किसी और को बोल दो."

*

कचेरीतले नाना बायकोला घेऊन आले. अप्पा भिंग लावून वाकले. "नाना, इथे पोहे अडकलेत."

"आज एकादशी आहे," काकू शांतपणे म्हणाल्या.

त्यानंतर नाना एकटेच यायचे.

*

माझं दुखणं वेगळंच होतं. "ज्या दिवशी तुझी पट्टी भिंगाखाली पास होईल, त्या दिवसापासून पेशंट तुझे," असं अप्पांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. मी जीव ओतून पट्टी बसवायचो. अप्पा भिंग लावायचे आणि म्हणायचे, "काढ. फिरसे बसव." महिनोन् महिने हेच. घरी बायकोला सांगताना मला अक्षरशः रडू यायचं.

अशात शाळेतल्या मालतीबाई पट्ट्या तपासून घ्यायला आल्या. अप्पांनी भिंगातून त्यांच्या पुढच्या दाताची पट्टी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"किती तिरकी ही! डोळे मिटून लावली तरी याहून सरळ बसेल. हे हात घेऊन तू पेशंट बघणार?"

मालतीबाईंनी अप्पांचा हात बाजूला केला.

"अप्पा, ही तर तुम्हीच लावलेली आहे. तुमचे हे असिस्टंट त्या दिवशी इंदूरला गेले होते."

अप्पांनी भिंग पुसलं, पुन्हा डोळ्यात धरलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "या दाताला थोडी तिरकीच लागते."