एक मेचं प्रोग्रामिंग

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता मी सांगतोय म्हटल्यावर एखादा शब्द इकडचा तिकडे होणारच, पण गोष्ट खरी. म्हणजे मधला थोडा भाग सोडला तर खरी. जाऊ द्या, तुम्ही आधी चहा घ्या. माझी फजिती ऐकायची तर खरं किती आणि खोटं किती, हे विचारत बसायचं नसतं.

मी प्रभाकर गावंडे. भिलाई-३ स्टेशनच्या यार्डात मालगाड्या लावतो. कोणती गाडी कोणत्या लाईनवर घ्यायची, कोणती अडवायची, कोणाच्या मागे कोणाला सोडायचं, हे माझं काम. राहायला हुडको कॉलनीत. वय पन्नाशीच्या पुढे. किती पुढे ते बायकोला विचारू नका, ती दोन वर्षं वाढवून सांगते.

पण माझी खरी ओळख म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा माइक. मंडळाचा कोणताही प्रोग्राम असो, सूत्रसंचालन गावंडेंचं. आणि वर्षातला सगळ्यात मोठा प्रोग्राम एक मेचा, महाराष्ट्र दिनाचा. आता तुम्ही विचाराल, छत्तीसगडात महाराष्ट्र दिन कावून? अहो, आमचे आजोबा इकडे आले तेव्हा हा मध्य प्रदेश होता. आम्ही झोपेत कूस बदलली तर छत्तीसगड झाला. पण एक मे आला की आमाले महाराष्ट्र आठवतोच. ऊनही अगदी नागपूरसारखं पडतं, त्यामुळे वातावरणनिर्मितीला वेगळी मेहनत नाही.

तर मागच्या वर्षी हा प्रोग्राम पडला. असा पडला की आवाजसुद्धा आला नाही. पोरं खुर्च्यांत बसून मोबाइलवर गेम खेळत होती. माझ्या एका विनोदावर एक पोट्टं खदखदून हसलं. मी खूश होऊन तोच विनोद पुन्हा सांगितला, तेव्हा कळलं की त्यानं गेममध्ये कोणाला तरी लोळवलं होतं. आभारप्रदर्शनाला अकरा माणसं उरली. त्यातले चार मंडपवाले, आम्ही खुर्च्या कधी सोडतो याची वाट पाहत उभे.

दुसऱ्या दिवशी वानखेडे साहेबांनी बोलावलं. वानखेडे साहेब आमच्या मंडळाचे अध्यक्ष. स्टील प्लांटमधून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मूळचे अमरावतीकडचे, पण तरुणपणी दोन वर्षं पुण्यात काढली आणि तेव्हापासून जी शुद्ध मराठी धरली ती सोडली नाही.

"गावंडे," साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी रायपूरहून अँकर बोलवावा म्हणतो. हिंदीत बोलेल, गेम घेईल, मुलं थांबतील."

"साहेब, महाराष्ट्र दिन हिंदीत?"

"रिकाम्या खुर्च्यांसमोर कोणत्याही भाषेत बोला, गावंडे. काय फरक पडतो?"

यार्डात माझं मालगाड्या ऐकत नाहीत. घरी बायको सुनंदासमोर तर मी विषयच काढत नाही. वर्षातून दोन तास माणसं माझं ऐकून घेत होती, ती सोयही जाणार होती.

असा जीव टांगणीला लागलेला असताना मी एक दिवस सुपेल्याच्या बाजारात गेलो. सुपेल्याच्या चौकात पाटी वाचायला मान वर करणं म्हणजे मागून येणाऱ्या रिक्षाला आमंत्रणच. पण मी केली. आणि काय दिसावं? मोठ्या अक्षरांत बोर्ड: ‘प्रोग्रामिंग व गेम डेव्हलपमेंट. शून्य से सीखें.’

मी जागीच थांबलो. मागच्या तिघांनी हॉर्न दिले. अहो, प्रोग्राम कसा बसवायचा आणि गेम कसे घ्यायचे, हे शिकवणारा क्लास! तोही सुपेल्यात! मला वाटलं, वरून कोणीतरी माझ्यासाठीच टांगलाय.

वर क्लासमध्ये शिकवणाऱ्या साहू मॅडम बसल्या होत्या. वय असेल पंचविसेक. वडील इकडचे छत्तीसगडी, आई गोंदियाची, त्यामुळे बोलताना एक पाय मराठीत आणि एक हिंदीत. त्यांनी फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, ‘सीखने का कारण’. मी लिहिलं, ‘एक मे’.

मॅडमनी वाचलं आणि फॉर्मवर शिक्का मारला.

"मॅडम," मी म्हणालो, "प्रोग्राम मी पुष्कळ केले. पण आजकाल चालत नाहीत."

"अंकल, प्रोग्राम पहिल्या बारीत कोणाचाच चालत नाही."

कोणीतरी आपल्या दुःखाचं भेटलं हो.

"मंग काय करायचं?"

"कुठं चूक झाली ते लाल अक्षरात येते. ते वाचायचं, सुधारायचं, फिर से चलाना."

"आमच्याकडे वानखेडे साहेबच लाल होतात. अक्षरं लागत नाहीत."

"आपण पहिले छोटा प्रोग्राम बनवू. दो-तीन लाइन का."

"दोन-तीन ओळींचा प्रोग्राम? आमच्यात तेवढ्यात पाहुण्यांच्या गळ्यात हारही पडत नाही."

मॅडम हसल्या. मला वाटलं, विनोदाला दाद मिळाली. मी तिथेच नाव घालून आलो आणि घरी पोचायच्या आत वानखेडे साहेबांना फोन लावला. "साहेब, मी प्रोग्रामिंग आणि गेम डेव्हलपमेंटचा रीतसर कोर्स करून राहिलो. एक मे आपला." साहेब इतकंच म्हणाले, "गावंडे, तुम्ही?" त्या दोन शब्दांत जो आदर होता तो मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा झब्बा घालून गेलो. आत दहा कॉम्प्युटर, नऊ पोरं-पोरी, आणि माइक एकही नाही. मॅडम म्हणाल्या, प्रत्येकानं सांगा, हे कावून शिकायचं आहे.

एक पोरगी म्हणाली, तिला पुण्यात नोकरी पाहिजे. एक जण म्हणाला, "मी हर गेममध्ये हरतो. म्हणून असा गेम बनवायचा ज्याच्यात मीच जिंकतो." मॅडमनी स्वतःचंही सांगितलं. लहानपणी त्या एक गेम खेळत होत्या, तो संपला, शेवट आवडला नाही, म्हणून पुढचा स्वतःच बनवायला घेतला. अजून पूर्ण झालेला नाही.

माझी पाळी आली. मी उठलो, झब्बा झटकला, आणि सुरू झालो. "उपस्थित मान्यवर आणि रसिक श्रोतेहो..." संगीत खुर्ची मागे का पडली, अंत्याक्षरीत पोरं का रमत नाहीत, सगळं मांडलं. मग तो नेहमी हरणारा पोरगा हळूच म्हणाला, "अंकल, आप इवेंट वाले हैं क्या?"

तेव्हा उजेड पडला. भिंतीवर, कॉम्प्युटरवर, माझ्या झब्ब्यावर, सगळीकडे एकदम पडला.

खाली मान घालून घरी आलो. सुनंदा दारातच मोबाइल घेऊन उभी. मंडळाच्या ग्रुपवर वानखेडे साहेबांनी टाकलं होतं: ‘आनंदाची बातमी. आपले श्री. गावंडे संगणकाचे प्रोग्रामिंग शिकत असून एक मे रोजी मुलांसाठी स्वतः तयार केलेला मराठी गेम सादर करतील. अँकरचा विषय तूर्त स्थगित.’ खाली अंगठेच अंगठे. साहेब प्लांटमध्ये राहिलेला माणूस, त्यांना प्रोग्रामिंगचा अर्थ बरोबर माहीत होता.

"आता काय करता?" सुनंदा म्हणाली.

"सांगून टाकतो. गैरसमज झाला म्हणून."

"मंग अँकर येते."

"मंग शिकतो."

"तुमाले टीव्हीचा रिमोट येत नाही."

"रिमोटच्या परीक्षेले कोण बसून राहिलं?"

दुसऱ्या दिवशी साधा शर्ट घालून गेलो.

पहिला महिना काय सांगू. एक स्वल्पविराम सुटला तर कॉम्प्युटर असा रुसायचा की आमची आत्या लग्नात रुसली होती तीही फिकी. एक दिवस मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘लूप’. मी टुणकन हात वर केला. हे आपलं खातं.

"मॅडम, हे मले येते. लूप म्हणजे बाजूची लाईन. दुसरी गाडी जाऊ द्यायची असली की आपली गाडी लूपमध्ये घ्यायची. मंग ती उभी राहते."

"नाही अंकल. इथं उभी नाही राहत. लूप में घूमते रहता है."

"कसं घूमन? एकदा आमची कोळशाची गाडी लूपमध्ये इतकी उभी होती की ड्रायव्हर जेवला, झोपला, दाढी करून आला."

"इथली गाडी तुम्ही थांब म्हणेपर्यंत थांबत नाही."

मला ते पटलं नाही. म्हणून ‘थांब’ लिहायचं राहिलं. पडद्यावर मी एक छोटी मालगाडी काढली होती, ती निघाली. गोल फिरली. पुन्हा फिरली. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला, मग पडदाच गोठला. आयुष्यात पहिल्यांदा माझी मालगाडी वेळेवर सुटली होती आणि थांबत नव्हती.

पण पुढच्या आठवड्यात ‘जर-तर’ आलं. असं असेल तर हे करा, नाहीतर ते करा. मॅडम म्हणाल्या, आपापलं एक उदाहरण लिहा. मी लिहायला बसलो. लाईन मोकळी असेल तर पुढे पाहा, नाहीतर सिग्नल लाल. लाईन बदलणारा पॉइंट नीट बसला असेल तर गाडी घ्या, नाहीतर अडवा. समोरून दुसरी येत असेल तर दोघींना अडवा. दोन पानं भरली. पोरं वळून पाहायला लागली.

मॅडमनी दोन्ही पानं वाचली. "अंकल, हे कोणी शिकवलं?"

"मालगाड्यांनी."

"तुम्ही इतकी वर्षं प्रोग्रामिंगच करून राहिले होते. बस, कॉम्प्युटर नव्हता."

मी त्या दिवशी सुपेल्याहून हुडकोपर्यंत हवेत आलो. घरी सुनंदानं विचारलं, "गाडी कुठं आहे?" तेव्हा आठवलं, स्कूटर क्लासखालीच राहिली.

गेम सोपा ठरवला. मालगाडी येते, प्रत्येक डब्यावर एक शब्द. मराठी शब्द असेल तर डबा एक नंबर लाईनवर घ्यायचा, हिंदी असेल तर दोनवर. आमची पोरं घरात मराठी बोलतात, बाहेर हिंदी, आणि दोन्हीकडे अर्धं-अर्धं. म्हटलं, खेळता खेळता डबे वेगळे होतील. शब्दांची यादी मी स्वतः केली, एकट्यानं, दोन बोटांनी. कोणाला दाखवली नाही. तीच चूक झाली.

एक मे. मंडप, पडदा, समोर पोरं. माझे तळहात असे ओले की टाळी वाजवली तर शिंतोडे उडावेत. हा गेम पडला असता तर माइक कायमचा रायपूरला.

पहिला मान अध्यक्षांचा. वानखेडे साहेब खुर्चीत बसले, चष्मा लावला. पहिला डबा आला: ‘बिमार’. साहेबांनी तो ऐटीत दोन नंबरवर, हिंदीत पाठवला. पडदा लाल झाला. मोठ्या अक्षरांत: ‘चूक! गाडी पटरीवरून उतरली. थोडी मराठी शिका.’

साहेबांनी चष्मा काढून पुन्हा लावला.

"गावंडे," साहेब म्हणाले, "बिमार हिंदी आहे. मराठीत आजारी."

"आमची आजी तं बिमारच पडे साहेब."

दुसरा डबा: ‘जल्दी’. साहेबांनी पुन्हा हिंदीत पाठवला. पुन्हा लाल. थोडी मराठी शिका.

"आणि पटरी काय? रूळ म्हणतात, रूळ!"

मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, तो पटरीवर नोकरी करून राहिला, त्याले माहीत का तुमाले?"

झालं. मंडप दोन लाईनींवर गेला. एका पोरीनं माइक ओढला आणि म्हणाली, "हमारे पप्पा भी जल्दीच म्हणते." दुसरीकडून तिचे पप्पा म्हणाले, "मी कधी म्हणालो?" पोरं पुढे घुसली. म्हातारी माणसं उठून पडद्यापाशी आली. ‘सौदा’ कोणाचा, ‘फिकर’ कोणाची, ‘चादर’ दोघांची की कोणाचीच नाही, यावर असं रण माजलं की पुरीभाजी गार झाली तरी कोणी हललं नाही.

मग सुनंदा खेळायला बसली. एकही डबा चुकला नाही. शेवटपर्यंत गाडी रुळावर, किंवा पटरीवर. लोकांनी विचारलं, कसं जमलं?

"माझ्या नवऱ्याले कोणता शब्द मराठी वाटते, हे मले नाही माहीत असन तं कोणाले?"

दोन तास पोरांच्या हातातून माइक सुटला नाही. माझ्याकडे तो एकदाही आला नाही, आणि खरं सांगू, मला त्याची आठवणही झाली नाही. आभार मानायचे राहिले. खुर्ची एकही रिकामी नव्हती.

वानखेडे साहेब जाताना थांबले. "पुढच्या वर्षी शब्दांची यादी मी तपासणार."

"आणि अँकर, साहेब?"

"अँकर कशाला? भांडणं लावायला तुम्ही आहात ना."

मी क्लास सोडलेला नाही. आता दोघांनी समोरासमोर खेळायचा गेम करून राहिलो. ‘थांब’ लिहायला अजूनही विसरतो.

बरं, आता कबुली. यातला एक भाग मी बनवला. प्रोग्रामिंगला मी मंडळाचा प्रोग्राम समजलो, हा. इतका भोळा मी नाही. त्या बोर्डावर हाताएवढा कॉम्प्युटर काढलेला आहे, आंधळ्यालाही दिसेल. तो झब्बा, ते भाषण, तो फोन, सगळं मागाहून चिकटवलं. कसं असतं, या वयात ‘मले शिकायचं आहे’ म्हटलं की लोक तोंडावर हसत नाहीत, घरी जाऊन हसतात. त्यापेक्षा ‘चुकून शिरलो’ म्हटलेलं बरं, निदान समोर हसतात.

खरं असं की मला तो क्लास चार महिने खुणावत होता. दोनदा अर्ध्या जिन्यावरून परत आलो. तिसऱ्यांदाही परतच येत होतो, पण खाली टायरच्या दुकानात वानखेडे साहेब स्कूटरचं पंक्चर काढून घ्यायला उभे. "गावंडे, इथं कुठे?" तोंडातून निघून गेलं, "क्लासले जाऊन राहिलो साहेब." आणि ते बघत राहिले, त्यामुळे मला उलटं वळून वर जावं लागलं. ग्रुपवरची ती बातमी त्यांनी तिथूनच टाकली.

क्लासमधली पोरं विचारतात, अंकल, तुमची प्रेरणा कोणती? मी आपला मराठी भाषा, नवी पिढी वगैरे सांगतो. स्कूटरचं मागचं चाक, हे कसं सांगणार? तेही स्वतःच्या नाही, साहेबांच्या.