कंपनीची मॅट, काकीचं मैदान

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तेही मास्तर शेजारी राहायचे म्हणून. तेव्हा लिहिण्यात काही वाकडं दिसलं तर वाकडंच वाचा.

आमच्या गावच्या पोरी कबड्डी चांगली खेळतात, पण मातीवर. आता तालुक्याच्या स्पर्धासुद्धा मॅटवर होतात आणि तिथं आमच्या पोरी चिखलातल्या शेळ्यांसारख्या घसरतात. आधी पाय जातो, मग पोरगी जाते. म्हणून मंडळाला मॅट पाहिजे होती. मंडळाचा अध्यक्ष माझा पुतण्या. तो कुंभिवलीला एका कारखान्यात कंत्राटावर आहे, त्यामुळं हायवेच्या सगळ्या कंपन्या आपल्या ओळखीच्या, असं त्याला वाटतं.

सुट्टी असली की मला मोटारसायकलवर मागं बसवायचा आणि एकेका कंपनीच्या गेटावर न्यायचा. "काका, तुमी नुसतं बसा. पांढऱ्या मिशा बघून लोकं पैसे देतात." मिशांवर काय मिळालं? एका कंपनीनं कॅलेंडरं दिली. दुसरीनं आंब्याची रोपं दिली, आणि ती लावायला जागा म्हणजे मैदानच. तिसरीकडं वॉचमननं पाणी दिलं. खरं सांगतो, त्या दिवसांत तेवढंच कामाचं मिळालं.

शेवटी एका साहेबांनी ऐकून घेतलं. गाव पावतीपुस्तकावर जेवढे जमवून बँकेत भरेल, तेवढेच आम्ही वरून घालू, म्हणाले. पुतण्या बाहेर येऊन नाचायचाच बाकी होता.

"काका, आपल्या एका रुपयाचे दोन!"

"आणि आपलं शून्य असलं तर?"

त्यानं गाडीला किक मारली.

समाजमंदिरात सभा झाली. आमच्याकडं कुणी काही दिलं की ते कुणाच्या तरी स्मरणार्थ असतं. बाकडं असो, पंखा असो, स्मशानातली पाण्याची टाकी असो. त्यामुळं पैशाच्या आधी मॅटशेजारी लागणाऱ्या फलकावरची नावंच जमली. एकानं आजा दिला. एकानं सासू दिली, जिच्याशी ती जिवंत असताना एक शब्द बोलला नव्हता. एक म्हणाला, माझ्या बैलाचं लिहा.

"अरं, बैलाचं नाव कशाला?"

"तुमच्या आज्यापेक्षा जास्त राबलाय म्हणून."

बैलाचंही नाव यादीत गेलं.

मी बायकोचं नाव दिलं. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या शेळ्या मला सांभाळता येईनात. त्या तिचंच ऐकायच्या. तसा मीही तिचंच ऐकायचो, पण मला कोण विकत घेणार? शेळ्या विकल्या. ते पैसे घरात होते आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. म्हटलं, मॅटला लागू दे.

आता गंमत अशी, की तिच्याएवढं मंडळाशी भांडणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. मैदान आमच्या दारासमोर. दुपारी तिथं तिच्या मिरच्या नाहीतर कुरडया वाळत पडायच्या आणि उन्हं कलायच्या आत पोरं खेळायला हजर. कुणी चपला घालून आत आला की ओट्यावरून आवाज यायचा, "चपला काढ रं! कुठं कुठं फिरून आलायस, आन माझ्या मिरचीत पाय घालतोस?" पुढं पुढं मिरच्या असोत वा नसोत, चपला मैदानाबाहेरच निघायला लागल्या.

नावं कंपनीकडं गेली आणि उत्तर आलं. फलक एकच लागणार, त्यावर नाव कंपनीचं, दुसरं कुणाचंही नाही. गाव भडकलं. बैलवाला सगळ्यात जास्त. चार दिवसांनी बाकीचे थंड झाले, मी झालो नाही.

"नाव नाय तर पैसं नाय," मी पुतण्याला सांगितलं.

"काका, सगळ्यात मोठी रक्कम तुमचीच हाय. ती गेली की कंपनीचे पण तेवढेच जातात. मॅट अर्धीच येईल."

"मग अर्धीवर खेळा."

"अर्ध्या मॅटवर कोण खेळतं?"

"माझं घर अर्धं झालं. चालवतोय ना मी?"

तो उठून गेला. चहा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. समोर पोरींचा सराव चालला होता. त्यांत भिसेगावची एक नवी पोरगी होती, हल्लीच मामाकडं राहायला आलेली. दूधवाला जवळचा रस्ता म्हणून मैदानातून आडवा निघाला, तशी ती ओरडली, "ओ दादा, चपला काढा, काकी येईल!" दूधवाल्यानं मुकाट्यानं चपला हातात घेतल्या.

मी तिला हाक मारली. "काय गं, कोण काकी?"

"मी नाय बघितली, आजोबा. हितं सगळ्या म्हणतात. लय खडूस हाय म्हणं."

'होती' असं तोंडात आलं होतं. गिळलं. खडूस तर होतीच.

दुसऱ्या दिवशी बँकेत पैसे भरून आलो. पुतण्या विचारायला लागला, काका, असं अचानक काय झालं? म्हटलं, "गप बस आन पावती फाड."

मॅट आली. मैदानावर पंचायतीची पत्र्याची शेड होती, तिच्याखाली अंथरली. फलक लागला, कंपनीचं नाव हे एवढं मोठं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात बैलवाल्यानं खडूनं काहीतरी लिहून ठेवलं होतं, ते पुतण्यानं वेळेत पुसलं. साहेब आले, नारळ फुटला, फीत कापली. मग साहेब फोटोसाठी चकचकीत बुटांनी थेट मॅटच्या मधल्या रेषेकडं निघाले.

"साहेब, बूट! काकी येईल!" सगळ्या पोरी एकदम ओरडल्या.

साहेब जागच्या जागी थांबले. पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण साहेब माणूस बरा. हसत हसत वाकले, एक बूट काढून हातात धरला आणि म्हणाले, "चुकलं बुवा. कुठं आहेत या काकी? नमस्कार तरी करतो."

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. पुतण्या खाली मान घालून उभा होता.

मी आमच्या दाराकडं बोट केलं. म्हटलं, "असंल आत. पण तुमी आधी दुसरा पण काढा."